एकवीस किलोमीटर आणि एक पेर

सांगलीत भेटेल तो विचारतो, नागपूरला जाऊन काय पाहिले? मी सांगतो, रस्ता पाहिला. एकवीस किलोमीटर रस्ता, आणि तोही स्वतःच्या पायांनी. ज्यांना तिथली संत्र्यांची बाजारपेठ, राजवाडे आणि बागा यांची माहिती हवी असेल त्यांनी दुसऱ्या कुणाचे तरी लिहिलेले वाचावे. मी तिथे माझ्या उजव्या हाताची अब्रू परत आणायला गेलो होतो.

मी मिरचीचा व्यापारी. पेठेत आधी पोती वाहिली, मग पोती विकत घेतली. मधले सगळे मी स्वतःच्या जोरावर केले, त्यामुळे कुणी माझ्यावर खोटेपणाचा आळ घेतला की माझे डोके फिरते. आमच्याकडच्या मसालेवाल्यांना रंगासाठी भिवापूरची मिरची लागते आणि ती मी नागपूरच्या लकडगंजातून उचलतो. तिथेही आमच्यासारखाच सौदा कापडाखाली होतो. आमच्याकडे रुमाल, तिकडे खांद्यावरचा पांढरा दुपट्टा. घेणारा आणि देणारा, दोघांचे हात कापडाखाली जातात आणि बोटे दाबून भाव सांगितला जातो, एका बोटाला शंभर रुपये. भोवती पंचवीस माणसे उभी असोत, कुणाला पत्ता लागत नाही. तोंडाने सांगितलेला भाव हा किरकोळ गिऱ्हाइकाचा भाव. व्यापाऱ्याची पत म्हणजे त्याच्या हाताची पत.

चार वर्षांपूर्वी मी लकडगंजात पहिल्यांदा गेलो तेव्हा गुलाबराव नावाच्या अडत्याने माझ्याशी असाच सौदा केला. त्याने चार बोटे आणि वर बोटाचे एक पेर दाबले. मी साडेतीन समजून मान डोलावली. माल काट्यावर चढला तेव्हा हा साडेचार सांगू लागला. मी आवाज चढवला, त्याने माझ्याहून चढवला. शेवटी त्याने भर बाजारात दुपट्टा झटकला आणि चार माणसांकडे वळून म्हणाला, "याचा हात खोटा हाय." त्या दिवसापासून लकडगंजातले सगळे अडते मला भाव तोंडाने सांगू लागले. चार हंगाम मी तिथे लग्नाच्या मिरच्या न्यायला आलेल्या माणसासारखा उभा राहिलो.

हा गुलाबराव पळणारा होता. दिल्लीचे एशियाड टीव्हीवर दिसल्यापासून गावोगाव शर्यती निघाल्या, तशी नागपुरातही दर जानेवारीत अर्धी मॅरेथॉन निघू लागली. पन्नाशी ओलांडलेला हा माणूस ती दर वर्षी पुरी करायचा. गेल्या मार्चात मला ऐकू जाईल अशा बेताने तो गादीवरून म्हणाला, "तोंडानं खोटं बोलता येते, बोटानं बोलता येते. पण एकवीस किलोमीटर पळून पाहा म्हना. दम खोटं बोलत नाही."

मी तिथेच म्हणालो, पळतो. मग अटींवर घासाघीस झाली. तो म्हणाला, माझ्यापुढे पळून दाखवा. मी म्हणालो, तुम्ही मुरलेले, मी नवा. शर्यत बंद व्हायच्या आत पुरी केली तर पुरे. बराच वेळ ताणून तो कबूल झाला. मी वेळेत पोचलो तर भर बाजारात त्याने दुपट्ट्याखाली माझ्या हातात हात घालायचा. न पोचलो तर तिथेच उभे राहून माझा हात खोटा होता असे मी माझ्या तोंडाने म्हणायचे. त्यानंतर दहा महिने मी पहाटे हरिपूरच्या रस्त्याला पळत होतो. गावाने वेड्यात काढले. बायकोने तर देवऋषी आणायची भाषा केली.

शुक्रवार, लकडगंज

स्टेशनाबाहेर सायकलरिक्षावाल्याला भाडे विचारले आणि सवयीने निम्मे सांगितले. आमच्याकडचा टांगेवाला अशा वेळी देवाची शपथ घेतो, पोरांची नावे सांगतो, शेवटी मधे कुठेतरी येतो. नागपूरचा रिक्षावाला हिंदीत म्हणाला, बैठना है तो बैठो, सुबह सुबह दिमाग मत खाओ. आणि पॅडलवर पाय ठेवून आकाशाकडे पाहू लागला. घासाघीस न करणाऱ्या माणसाशी काय बोलावे हे मला कळत नाही. मी पिशवी खांद्याला लावली आणि चालत निघालो.

लकडगंजात लाकडाच्या वखारींतला भुशाचा वास संपतो न संपतो तोच मिरचीचा खकाणा नाकात शिरतो. तिथल्या हमालांना ठसका लागत नाही. मलाही लागत नाही, आणि हे त्यांनी पाहावे म्हणून मी पोत्यांच्या राशीला अगदी चिकटून गेलो. गुलाबराव गादीवर बसला होता. उंच, काटकुळा, कानांवर केस. "आले का सांगलीकर," तो म्हणाला, "मले वाटलं गाडी चुकली असन." भोवतीचे हसले. मी माल पाहिला, भाव विचारला. त्याने तो तोंडाने सांगितला, मोठ्याने, शेवटच्या पोत्यापर्यंत ऐकू जाईल असा. मी काही न घेता बाहेर पडलो.

शनिवार, भिवापूर

रिकामे बसण्यापेक्षा मिरची शेतात पाहावी म्हणून एसटीने भिवापूरला गेलो. उमरेड मागे पडले की काळी जमीन पसरत जाते आणि मग मधेच लाल चौकोन दिसू लागतात. उन्हात वाळत घातलेली मिरची. आमच्या बाजूला डोंगर सतत कुठेतरी असतो, त्यामुळे नजर टेकवायला जागा मिळते. इथे नजर जाते ती जातच राहते. ही मिरची आखूड, पातळ सालीची, आणि हातावर चोळली की कुंकवासारखा रंग सोडते.

ज्याच्या खळ्यावर मी बसलो होतो त्या शेतकऱ्याला सांगितले की उद्या नागपुरात एकवीस किलोमीटर पळायचे आहे. त्याने जरा विचार केला.

"काहून?" तो म्हणाला. "गाडी नाई भेटत का?"

त्याची बायको मिरचीचे देठ खुडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "जाऊ द्या जी, शहरातल्या मानसाले कामं नसते." मी शहरातला! पंधरा वर्षे पाठीवर पोती वाहिलेला माणूस! पण तिच्या हातांचा वेग पाहून मी वाद सोडला आणि तिने दिलेली भाकर आणि ठेचा खाल्ला.

तेवढ्यावर थांबायला हवे होते. संध्याकाळी नागपूरला परत आल्यावर एका सावजीच्या खानावळीत गेलो. वाढप्याने विचारले, कमी तिखट देऊ का, बाहेरचे दिसता. मी म्हणालो, बाबा रे, मी सांगलीचा, मिरची विकतो, तुझ्या ताटात जे असेल ते आण. काळा रस्सा आला, वर बोटभर लाल तेलाची तर्री. आमचा तांबडा रस्सा जिभेवर भांडतो आणि तिथेच मिटवतो. सावजी आधी गोड बोलतो, मग पोटात जाऊन बसतो आणि सकाळची वाट पाहतो. मी दोन वाट्या संपवल्या. वाढपी माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होता तिचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी सिव्हिल लाइन्समध्ये कळला.

रविवार, रस्ता

साडेसहाला कस्तुरचंद पार्कवर जमलो. नागपूरची थंडी कोरडी असते, कान कापते. कडेला शेकोटीभोवती पोलिसांतले जवान आणि कॉलेजची पोरे हात शेकत उभी होती. छातीवर आकड्याचे कापड टाचणीने लावलेले, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. इथे पोरांना पोट्टे म्हणतात. त्यातला एक पोट्टा मला म्हणाला, "काका, मॉर्निंग वॉक तिकडून असते." गुलाबराव खाकी अर्ध्या चड्डीत होता, पण दुपट्टा खांद्यावर होताच. त्याच्याशिवाय तो झोपत तरी असेल का, देव जाणे. संयोजकांनी सांगितले, नऊला शेवटच्या रेषेवरची दोरी खाली सोडणार, त्यानंतर आलेला आला नाही असे धरणार. शिट्टी झाली.

पहिले दोन किलोमीटर मी राजा होतो. सिव्हिल लाइन्समध्ये मोठाली झाडे, बंगल्यांच्या लांबच लांब भिंती, रस्ता झाडलेला. तिथे सावजीने आवाज दिला. प्रसंगाचे वर्णन करत नाही. एका सरकारी बंगल्याच्या फाटकावर माळी उभा होता, मी त्याच्यापुढे हात जोडले. छातीवरचे कापड पाहून त्याला मी कुणी सरकारी माणूस वाटलो असावा. साहेब उठायच्या आत निघा, एवढेच तो म्हणाला. बाहेर आलो तेव्हा रस्त्यावर एकही धावणारा दिसत नव्हता.

सगळा राग पायात उतरला. रागाचा एक उपयोग असतो, तो थंडीत बरा पडतो. फुटाळा तलावावर धुके होते आणि पाण्यात म्हशी. तिथे शेवटची दोनचार पोरे दिसली. मग सेमिनरी हिल्सचा चढ आला आणि ही पोरे वर पाहून पाहून दमली. चढावर वर पाहायचे नसते. पाठीवर पोते असले की हमाल आपल्या अंगठ्याकडे पाहतो, पाऊल लहान टाकतो आणि जिना संपला की त्याला आपोआप कळते. मी तसाच चढलो. मॉर्निंग वॉकवाला पोट्टा कमरेवर हात ठेवून उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलेही नाही. अर्थात तो मला पाहतो आहे याची खात्री करून घेतली.

उतारावर डाव्या टाचेचे कातडे सोलले. अंबाझरीपर्यंत बुटात ओले लागू लागले होते. ऊन चढत होते. थांबावे असा विचार आला की मी मनात ते एक वाक्य म्हणायचो, जे मला हरल्यावर भर बाजारात म्हणावे लागणार होते. ते म्हणण्यापेक्षा टाच बरी.

दीक्षाभूमीच्या रस्त्याला आसपासच्या वस्तीतली माणसे घरचे माठ आणून पाणी देत होती. सकाळचे वंदन आटोपून आलेल्या बायका होत्या, पांढऱ्या साड्यांतल्या. मी पेला घेऊन थांबणार तोच एक बाई ओरडली, "थांबू नका जी दादा, चालता चालता प्या. थांबले की पायाचा दगड होते." मी चालता चालता प्यालो. ती माझ्याबरोबर चार पावले आली पेला परत घ्यायला, आणि मला निरखून म्हणाली, "पाय दुखून राहिले तं तोंड काहून रागावलं?" शेजारणीला म्हणाली, "पाह्य वं बाई, जसे भांडाले चालले हे." दोघी हसल्या. मी पेला दिला आणि पुन्हा पळू लागलो. खरे सांगायचे तर तिचे बरोबर होते.

रहाटे कॉलनीच्या चौकात पुढे पांढरा दुपट्टा दिसला. गुलाबराव! त्याचाही वेग उतरला होता, पाय फाकून पडत होते. मी त्याला गाठले. त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिले. बोलण्याइतका दम दोघांतही नव्हता. पोलिसाने घड्याळ पाहून साडेआठ वाजून गेल्याचे सांगितले. मी गुलाबरावला तुटक तुटक विचारले, अजून किती?

आणि त्याने सवयीने दुपट्टा पुढे ओढला आणि त्याखाली माझा हात धरला.

चार वर्षांनी. पळता पळता. त्याच्या लक्षातही आले नसावे. त्याने तीन बोटे दाबली आणि वर एक पेर. त्याने हात धरला याचा विचार करायला वेळ नव्हता. अडीच किलोमीटर! एवढे तर मी झोपेत पळेन. शिल्लक ठेवलेले सगळे मी काढले आणि त्याला मागे टाकून सुटलो. जेलच्या भिंतीला लागलो तेव्हा छाती फुटायला आली होती, पण आता थोडेच राहिले होते.

भिंतीच्या मध्यावर संयोजकांची पाटी होती. तीन किलोमीटर बाकी.

मी थांबलोच. गुडघ्यांवर हात टेकले. अडीच असताना मी सुटलो आणि एवढे पळूनही तीन बाकी? माणसाने मला फसवले. आकडा कमी सांगून माझा दम आधीच काढून घेतला. तो मागून येताच मी त्याचा दुपट्टा धरला.

"तुमी तीन बोटं आन पेर दाबलं का न्हाई?"

"दाबलं ना."

"मग अडीच कुठं हाय? तीनची पाटी हाय ही!"

"अडीच कोण म्हटलं गा तुले?" तोही तापला, 'तुम्ही' विसरला आणि दुपट्ट्याखाली माझा हात धरून बोटे पुन्हा दाबू लागला. "साडेतीन सांगतलं मी. तीन आन वर पेर, साडेतीन."

"पेर म्हंजे अर्धा कमी!"

"पेर म्हंजे अर्धा जास्त! सारं नागपूर असंच मोजते!"

"आन सारी सांगली..."

इथे मी थांबलो. तोही थांबला. आम्ही रस्त्याच्या मधोमध एकमेकांचा हात धरून उभे होतो, त्याचा अंगठा माझ्या बोटाच्या पेरावर. आमच्या पेठेत पेर दाबले की अर्धा उतरवायचा. हे मला कुणी शिकवलेले नाही, पोती वाहताना पाहून पाहून कळले. जगात दुसरीकडे कुठे अर्धा चढवत असतील असे माझ्या डोक्यात कधी आले नाही, आणि त्याच्याही नाही. चार बोटे आणि पेर. माझे साडेतीन, त्याचे साडेचार.

"म्हंजे त्या दिवशी..." गुलाबराव म्हणाला.

"व्हय."

बंदोबस्ताचा हवालदार काठी आपटत आला. दुपट्ट्याखाली हातात हात धरलेले दोन घामट म्हातारे पाहून म्हणाला, "लगन ठरून राहिलं का? आंगठी मंग घाला, रस्ता मोकळा करा."

गुलाबराव मटकन पदपथावर बसला. "बसा सांगलीकर," तो म्हणाला. "आता कायले पळता? मी उद्या समद्याईले सांगतो, चूक कोनाचीच नोती म्हनून."

त्याने हे मनापासून म्हटले होते. टाच आगीसारखी जळत होती. बसायला फार बरे वाटले असते. पण बाजार मी त्याच्यापेक्षा कमी ओळखत नाही. मी म्हणालो, "तुमी सांगाल, आन लोक म्हनतील सांगलीकर जेलपाशी बसला, गुलाबरावानं दया केली. ठरलं ते ठरलं. उठा."

तो उठला की नाही हे पाहायला मी थांबलो नाही.

पुढचे फारसे आठवत नाही. सीताबर्डीच्या दुकानांच्या फळ्या, कुणीतरी शिट्टी वाजवली, किल्ल्याची टेकडी उजवीकडे की डावीकडे होती तेही नक्की सांगता येणार नाही. मी अंगठ्याकडे पाहत होतो. मागून गुलाबरावचा आवाज यायचा, "चला गा, झोपले का?" आणि मला राग यायचा आणि पाय उचलायचा. कस्तुरचंद पार्कचे मैदान दिसले तेव्हा दोन माणसे दोरी सोडायला खांबांपाशी गेली होती. मी ओरडलो. काय ओरडलो ते छापता येणार नाही. ती दचकून थांबली आणि मी दोरीखालून गेलो. माझ्यामागे गुलाबराव आला, मग शिट्टी झाली. पिवळ्या गवतावर आम्ही शेजारी शेजारी पडलो होतो. त्याने माझा बूट ओढून काढला, रक्ताने भिजलेला मोजा पाहिला आणि पाण्यासाठी कुणाला तरी हाक मारली. मग मला म्हणाला की इतका अडेल माणूस त्याने बैलांतही पाहिला नाही.

सोमवार, पुन्हा लकडगंज

एका पायात बूट आणि दुसऱ्यात चप्पल घालून बाजारात गेलो. गुलाबरावने गादीवरून उठून सगळ्यांना सांगितले, पेराची गोष्ट सांगितली, जेलच्या भिंतीची सांगितली, आणि हे गृहस्थ वेळेत पोचले हेही. सांगलीत असे मोजतात हे ऐकून काहींनी कपाळाला हात लावला. तो नीट बोलला, काही झाकले नाही. तरी मला जे हवे होते ते मिळाल्यासारखे वाटेना. चार वर्षे मी ज्या दिवसाची वाट पाहिली त्या दिवशी माझा हात खरा ठरला, आणि त्याचाही खरा ठरला. दोघेही खरे, मग मी एवढा संतापलो होतो तो कुणावर? हंगामामागून हंगाम सांभाळलेला राग असा मालकाविना उभा राहिलेला पाहून मला वाईटच वाटले.

मग त्याने दुपट्टा पसरला. आजूबाजूचे काटे थांबले. मी हात आत घातला. त्याचा हात गरम होता, खरखरीत. त्याने सावकाश चार बोटे दाबली आणि वर एक पेर.

मी विचार केला. हा आता आमची रीत जाणतो. काल एवढे सगळे झाल्यावर पाहुण्याचा मान म्हणून त्याने सांगलीचे पेर दाबले असणार. मी मान डोलावली आणि सगळ्यांना ऐकू जावे म्हणून मोठ्याने म्हणालो, "साडेतीन!"

त्याच क्षणी तोही मोठ्याने म्हणाला, "साडेचार!"

मला आता नागपूरची रीत कळली म्हणून त्याने ती बिनधास्त वापरली होती. माझी मान तापू लागली, त्याचे कान लाल झाले. मी म्हणालो, माल सांगलीला जाणार, पेर सांगलीचे. तो म्हणाला, काटा नागपूरचा, पेर नागपूरचे. मी आवाज चढवला, त्याने माझ्याहून चढवला. दुपारपर्यंत भांडत होतो, अगदी जेवायची वेळ टळून गेली तरी. पण दुपट्ट्याखालून हात दोघांपैकी कुणीही काढला नाही.